पार्वती भ्र. रंगराव

"हा बघा आजी, तुमच्या आईंचा फोटो," असं म्हणून केतकीनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवला.

मी लगेच बघितलंच नाही. चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला, परत काढला. साठी उलटलेली बाई मी. पिठाची गिरणी चालवून आणि गिऱ्हाइकांशी भांडून आवाज बसलेला, घरात नातवंडं. पण आईचा चेहरा म्हणून कधी पाहिला नव्हता. मी वर्षाची होते तेव्हा ती गेली. घरात तिचा फोटो नाही, कुणाच्या तोंडी चार शब्द नाहीत. त्यामुळं तालुक्याच्या संग्रहालयातून फोन आला, की तुमच्या आईंचा फोटो सापडलाय, ओळख पटवायला या, तेव्हापासून मला धड झोप नव्हती. येताना नवं लुगडं नेसले होते. कुणाला दाखवायला, काय माहीत.

शेवटी डोळे वर केले.

"ही माझी आई नव्हे," मी म्हणाले.

केतकी हसली. संग्रहालयातली ती मोठी कामाची पोरगी, तिशीची असेल. "आजी, नीट बघा. नाव बरोबर आहे. गावही तुमचंच."

"नाव राहू दे गं. ही बाई आहे."

"हो, बाईच आहेत ना."

"अगं बाई म्हणजे आमची बाई! माझी सावत्र आई. आम्ही तिला बाई म्हणायचो."

तिचं हसू तिथंच मावळलं. टेबलाच्या पलीकडं एक उंच, वाळकेसे गृहस्थ बसले होते, जिल्ह्याच्या दप्तरखान्यातले हिरेमठसाहेब. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

पडद्यावर बाई बसली होती. खुर्चीत, ताठ, हात मांडीवर, फोटोवाल्यानं श्वास धरायला सांगितल्यासारखी. कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मांडीवर पाटी. गावच्या वाचनालयानं प्रौढ बायकांचा साक्षरता वर्ग चालवला होता, तेव्हाचा हा फोटो. बाई त्या वर्गात लिहायला शिकली, ते मला आठवत होतं. आणि गळ्यात, मंगळसूत्राच्या खाली, काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक.

तो टाक माझ्या आईचा. हल्लीच्या लोकांना हे सांगावं लागतं. पहिली बायको मेली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधायचे. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. सवतीचा टाक म्हणायचे. मेलेलीनं जितीला त्रास देऊ नये म्हणून. लहानपणी मी एकदा त्याला हात लावायला गेले, तर बाईनं माझा हात धरून बाजूला केला. "नगं. ती कोपंल," म्हणाली. मी तेव्हाच ठरवून टाकलं, की हिला माझ्या आईची भीती वाटते आणि तेवढ्याचसाठी ही तिला गळ्यात बाळगते.

"काय चूक झालीय ते सांगता का मला?" मी विचारलं.

केतकीनं सांगितलं. संग्रहालय, गावचं वाचनालय आणि दप्तरखाना, तिघांनी मिळून एक काम काढलं होतं. तिघांकडं जे जे जुनं आहे त्याचे फोटो काढायचे, माहिती कॉम्प्युटरवर चढवायची, आणि एकाकडची वस्तू दुसऱ्याकडच्या कागदाशी जोडायची, म्हणजे कुणीही घरबसल्या बघावं. वाचनालयाकडं हा फोटो होता. संग्रहालयाकडं टाक होता. दप्तरखान्यात गावच्या जन्ममृत्यूच्या वह्या होत्या.

"तिन्हीकडं एकच नाव आलं, आजी. पार्वती भ्र. रंगराव इंगवले."

"भ्र. म्हणजे?"

"भ्रतार," हिरेमठ म्हणाले. "जुन्या दप्तरात बाईच्या नावापुढं बापाचं नाव नसतं. नवऱ्याचं असतं."

"म्हणून मशीननं तिन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या धरल्या," केतकी म्हणाली.

"आणि मेलेली बाई चौदा-पंधरा वर्षांनी फोटोला येऊन बसली, हे नाही विचारलं तुमच्या मशीननं?"

"विचारलं. तारखा जुळत नाहीत म्हणून लाल खूण आली होती." ती खाली बघायला लागली. "मग आम्ही... मृत्यूची नोंद चुकीची धरली. त्या काळच्या वह्यांत चुका फार असतात."

"धरली म्हणजे काय केलं?"

"काढून टाकली."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! "म्हणजे तुम्ही तिघांनी इथं पंख्याखाली बसून ठरवलं, की माझी आई मेलीच नाही? अहो, तेवढी एकच गोष्ट तिनं केली होती सरकारदरबारी! जन्मली तर नोंद नाही, लग्न झालं तर नोंद नाही. मेली तेवढी लिहिली होती कुणीतरी. ती पण खोडली?"

"मूळ वही तशीच आहे हो," हिरेमठ हळूच म्हणाले. "फक्त इथून काढलीय."

"मग इथं परत घाला."

"घालतो. खात्री करायलाच बोलावलं तुम्हाला. पण दोघींचं नाव एकच कसं, ते कळत नाही आम्हाला."

त्यात न कळण्यासारखं काय होतं? आमच्याकडं सासरी गेल्यावर नाव बदलायचे. माझी आई आली तेव्हा तिचं पार्वती ठेवलं. ती गेली, वर्षाच्या आत बाई आली, तिचंही पार्वतीच ठेवलं. आत्यानं मला मोठेपणी सांगितलं होतं, घरातल्यांच्या तोंडात ते नाव बसलेलं होतं, कशाला बदला म्हणून. जसा एक माठ फुटला की त्याच जागी दुसरा ठेवतात. आणि पहिलीचा विषय घरात काढायचा नाही, असं अप्पांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, सांगून ठेवलेलं. मी एकदाच बाईला विचारलं होतं, माझी आई दिसायला कशी होती गं? बाई भाकरी थापत होती. "म्या कुठं बघितली तिला?" म्हणाली. तेवढंच. मला त्याचाही राग आला होता.

हे सगळं ऐकून केतकी म्हणाली, "मग आपण सोपं करू. एक पार्वती पहिली, एक पार्वती दुसरी."

"पहिली, दुसरी? शाळेच्या इयत्ता आहेत काय? माझ्या आईला तिचं स्वतःचं नाव नाही का?"

"तेच तर विचारणार होते, आजी. माहेरचं नाव काय होतं त्यांचं?"

मी सांगायला तोंड उघडलं.

मला माहीत नव्हतं. तरातरा भांडायला उभी राहिलेली मी, आणि मला माझ्या आईचं नाव माहीत नव्हतं. तिचं माहेर डोंगरात, कोयनेच्या खोऱ्यात. धरण झालं तेव्हा गाव पाण्याखाली गेलं, माणसं कुठं कुठं पांगली. त्याआधीही तिकडचं कुणी आमच्याकडं फिरकलं नव्हतं. अप्पा गेले, आत्या गेली. विचारायला शिल्लक कोण? बाई होती बरीच वर्षं. पण तिला मी काय म्हणून विचारायचं?

"नाही माहीत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

केतकीनं पाण्याचा पेला पुढं केला आणि विचारलं, "टाक बघायचाय तुम्हाला?"

बघायचा नव्हता असं नाही, पण जिवावर आलं होतं. हा टाक संग्रहालयात आला कसा, त्यावरून माझं आणि निवासचं, म्हणजे बाईच्या मुलाचं, माझ्या सावत्र भावाचं, बोलणं बंद होतं. बाई गेल्यावर त्यानं घर पाडून बंगला बांधला, आणि माळ्यावरच्या हंड्या-परातींबरोबर तोही संग्रहालयाला देऊन टाकला. त्याची बायको म्हणे, मेलेल्या माणसाची वस्तू मला घरात नको. वास्तविक टाक बाईबरोबर जायचा, नदीत सोडायचा. पण बाई गेली तेव्हा तो तिच्या गळ्यात नव्हता. दवाखान्यात एक्स-रेच्या वेळी नर्सनं सगळं काढायला लावलं. तो रुमालात गुंडाळून पिशवीत पडला, तिथंच राहिला.

त्या दवाखान्याची आठवण माझ्या मनात कडू होऊन बसली होती. बाई शेवटी शेवटी जेवेना. मी घास पुढं केला की तोंड घट्ट मिटायची आणि विचारायची, "साळूला दिलं का?" आमच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत साळुंक्या यायच्या, बाई रोज जेवायच्या आधी त्यांना घास ठेवायची. मी म्हणायचे, बाई, इथं तिसऱ्या मजल्यावर कुठल्या आल्या साळुंक्या? खा की गुमान! ती मान फिरवायची. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं असं, बुद्धी भ्रमते. तशीच उपाशी गेली. मरतानासुद्धा तिला पाखरांची काळजी होती. मी उशाशी बसलेली, माझ्याबद्दल एक शब्द नाही. माझ्या मनात ते राहून गेलं होतं.

केतकीनं पडद्यावर टाक आणला. बोटानं फिरवला की तो फिरायचा, मागून, पुढून, कडेनं. ताटाएवढा मोठा केलेला. साडीच्या निऱ्या दिसत होत्या, हातातली बांगडी दिसत होती. चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं. सपाट. धुण्याच्या दगडासारखं गुळगुळीत.

"चेहरा कुठं गेला?"

"झिजलाय," केतकी म्हणाली. "घरच्या देवांचे टाक असे झिजतात. रोज हात फिरतो, कुंकू लागतं, पुसलं जातं. म्हणून आमच्याकडं आधी हा पार्वती इंगवल्यांच्या घरचा देवीचा टाक म्हणूनच नोंदवला होता. फोटोत गळ्यात दिसला तेव्हा कळलं."

बघा नशीब! दोन ठिकाणी आईचा चेहरा मिळण्यासारखा होता. एका ठिकाणी बाई निघाली आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच नाही. मला उठून घरी जावंसं वाटायला लागलं.

"एक विचारू, आजी?" केतकीनं चित्र आणखी मोठं केलं. "हे तोंडाच्या खाली, खाचेत, काळपट दिसतंय ना? स्कॅन करण्याआधी साफ करायला घेतला तेव्हा आमच्या माणसाला वाटलं, मळ असेल. पण ते अन्न आहे. भात आहे, गूळ आहे, थरावर थर वाळलेले. मग आम्ही ते तसंच ठेवलं. कुणी घास भरवायचं का ह्याला?"

"छे," मी म्हणाले. "कोण भरवणार? बाईला तर तिची भीती..."

आणि मला बाईचा हात दिसला.

ताट वाढलेलं. बाई पाटावर. पहिला घास उचलायची, आणि तो हात तोंडाकडं न जाता पदराखाली जायचा, गळ्याशी. मला वाटायचं पदर सारखा करते. मग तोच घास घेऊन ती उठायची आणि खिडकीत ठेवायची. साळुंक्या यायच्या, टिपायच्या. मी लहान, मी पाखरांकडं बघत बसायची. पण ती बोलायची कधी? खिडकीशी नव्हती बोलत. खिडकीशी गप्पच असायची. पाटावर बसल्या बसल्या, मान खाली घालून, हात पदराखाली असताना म्हणायची, "साळू, घे गं."

"काय झालं आजी?" केतकी उठून माझ्याकडं आली.

"साळू," मी म्हणाले.

"काय?"

"साळू नाव होतं तिचं. माझ्या आईचं. पार्वती म्हणून हाक कशी मारणार? बाई स्वतःच पार्वती होती. स्वतःच्याच नावानं कसा घास देणार? म्हणून माहेरच्या नावानं द्यायची. आणि मला आयुष्यभर वाटलं, की ती साळुंक्यांना बोलावते!"

हिरेमठांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग मला रडू फुटलं. अप्पा गेले तेव्हा रडले नव्हते तशी रडले, लोकांसमोर, तोंडात पदर कोंबून. आईसाठी रडायला आले होते मी त्या दिवशी, पण रडले ती बाईसाठी. माझ्या आईला जेवू घातल्याशिवाय ती बया एक दिवस जेवली नाही. सगळा जन्म! चेहरा झिजेपर्यंत! दवाखान्यात गळ्यातला टाक काढून घेतला, आधी घास द्यायला कुणी उरलं नाही, म्हणून तोंड मिटून बसली. साळूला दिलं का, साळूला दिलं का, विचारून विचारून गेली. आणि मी तिच्यावर खेकसत होते. नुसतं 'हो, दिलं' म्हटलं असतं, तरी दोन घास खाल्ले असते तिनं.

बऱ्याच वेळानं हिरेमठ म्हणाले, "ही माहिती नोंदवायची तर ती कुणाकडून कळली ते लिहावं लागतं. तुमचं नाव घालू?"

"माझं नको. मला कुठं ठाऊक होतं? जिला ठाऊक होतं तिचं घाला."

"काय लिहू?"

"लिहा की, सवतीनं सांगितलं."

केतकीनं टाइप केलं. आधी दोघींना वेगळं केलं, मग खोडलेला मृत्यू परत लावला. एका चौकोनात आलं: साळू, सासरचं नाव पार्वती, भ्र. रंगराव इंगवले. खाली टाकाचं चित्र. दुसऱ्या चौकोनात बाईचा फोटो. दोघी शेजारी शेजारी. घरात कधी एका ओळीत नाव घेतलं नसेल त्यांचं, ते तिथं झालं. मला वाटलं, झालं आता. मी पिशवी उचलली.

"आणि ह्यांचं?" केतकीनं विचारलं.

"काय ह्यांचं?"

"ह्यांचं माहेरचं नाव. ह्याही पार्वती नंतर झाल्या ना? त्याआधी काय होत्या?"

मी फोटोकडं बघितलं. बाई ताठ बसली होती, मांडीवर पाटी घेऊन. जिनं माझ्या डोक्याला तेल लावलं, माझं लग्न केलं, माझी बाळंतपणं केली. तिचा एक भाऊ यायचा आमच्याकडं, तो तिला आक्का म्हणायचा. अप्पा तर हाकच मारायचे नाहीत, नुसतं खाकरायचे. आम्ही बाई म्हणायचो. माझ्या डोक्यात दुसरं काही येईना.

"थांब," मी म्हणाले. "भावाला विचारते."

घर पाडलं त्यानंतर मी निवासला फोन केला नव्हता. केतकीनंच मला तिच्या फोनवरून लावून दिला. बराच वेळ वाजला.

"निवास, मी बोलते. मथुराताई."

"ताई?" तो दचकला. "काय गं, सगळं बरं ना?"

"बरं आहे. मला एक सांग. बाईचं माहेरचं नाव काय होतं रे?"

"कुणाच्या बाईचं?"

"आपल्या बाईचं. तुझ्या आईचं."

पलीकडं टीव्हीचा आवाज ऐकू येत होता, तो त्यानं कुणालातरी बंद करायला लावला. मामा कधीच गेला होता, मामी त्याच्याही आधी. मला कळत होतं, तो एकेक माणूस आठवून बघतोय आणि एकेक माणूस मेलेलं निघतंय.

"बाईच की, ताई," शेवटी तो म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "आपण बाईच म्हणायचो की."

केतकी हात कीबोर्डवर ठेवून थांबली होती. मी मान हलवली. तिनं तो चौकोन रिकामाच ठेवला.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. निवास आणि मी बोलायला लागलो, तोही थकला. मध्यंतरी नातवाला म्हटलं, दाखव रे ते परत एकदा. त्यानं मोबाइलवर खूप शोधलं. म्हणाला, पणजीचं ते पान आता उघडत नाही, कुणी पुढं चालवलं नाही वाटतं. असेल.

मी आमच्या खिडकीत रोज दोन घास ठेवते. इकडं साळुंक्या फारशा येत नाहीत, कावळेच येतात. एक घास ठेवताना म्हणते, साळू, घे गं. दुसरा ठेवायला हात पुढं करते, हाक मारायला तोंड उघडते, आणि तशीच उभी राहते.